शून्य माणसांची घरं

आडत बाजारात महादेवप्पांचं दुकान होतं. खाली तूर-हरभऱ्याची पोती आणि वरच्या माडीवर व्यापाऱ्यांच्या पाणी मंडळाचा सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की काचेच्या खोलीत गारव्याला ठेवलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. हा सर्व्हर मात्र लाकडी टेबलावर बसलेला, एका बाजूचं झाकण उघडं टाकलेला आणि समोरून टेबलफॅनचा वारा खाणारा असा होता. खोलीत कूलरही होता, पण २०१६ च्या त्या वैशाखात लातुरात कूलरमध्ये पाणी ओतणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

या यंत्रात सहा हजार दोनशे चौदा घरांची कार्डं नोंदलेली होती. प्रत्येक घरात माणसं किती, गल्ली कुठली, पाळी कोणत्या वारी, सगळं त्याच्या पोटात. रोज संध्याकाळी पाचला दुसऱ्या दिवसाची यादी छापून निघायची आणि ती हातात घेऊन सहा टँकर सकाळी गल्ल्यांत शिरायचे. माणशी चाळीस लिटर, आठ दिवसांतून एकदा. यादीत नाव असेल तर पाणी, नसेल तर टँकरवाला पाइप उचलून पुढे निघणार. तो बिचारा तरी काय करणार, त्याच्या मागे शंभर घागरी लागलेल्या असत. म्हणजे यादीतून एक ओळ गळाली, की एका घराचे आठ दिवस कोरडे. बाकी मंडळाच्या बैठका, हारतुरे आणि फोटो हे सगळं त्याच्या नंतरचं.

ही यादी सांभाळायचं काम शिवकन्येचं. ती मूळची हदगावची, मास्तरांची मुलगी. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, काही वर्षं नांदेडला नोकरी केली आणि लग्नानंतर लातूरची झाली. वय चाळीसच्या आसपास, आवाज हळू आणि स्वभाव असा, की घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचं. घरचे यावरून तिची थट्टा करत. पण नांदेडच्या नोकरीत एकदा ‘काम यशस्वीरीत्या पूर्ण’ या पडद्यावरच्या ओळीवर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला होता आणि मग गहाळ झालेल्या नोंदी जुळवता जुळवता महिनाभर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून ती कुलपं ओढून बघायला लागली.

आता या सर्व्हरचं व्हर्जन बदलायचं ठरलं होतं. जुनं व्हर्जन इतकं जुनं, की त्याची देखभाल करणाऱ्यांनी केव्हाच हात झटकले होते. महिन्यात दोनदा ते चालता चालता बंद पडलं होतं. त्यात उदगीरच्या शाखेची घाई. तिथले ईश्वरप्पा दर दोन दिवसांनी फोन करून म्हणत, उदगीर आज ना उद्या वेगळा जिल्हा होणारच आहे, तर आमची यादी आत्तापासूनच वेगळी करा. जिल्ह्याचा पत्ता नव्हता, पण ईश्वरप्पांच्या मनात त्याचं कलेक्टर ऑफिससुद्धा बांधून झालं होतं. पुण्याच्या एका कंपनीने वेगळ्या याद्यांसाठी नवा प्रोग्रॅम करून दिला आणि तो जुन्या व्हर्जनवर चालेना. म्हणून मग ठरलं की रविवारी अकरा ते चार या वेळेत काम उरकायचं. तेव्हा टँकर सावलीला उभे असतात आणि यादीला कुणी हात लावत नाही.

शिवकन्येने आपल्या पद्धतीने तयारी केली. सगळ्या माहितीच्या तीन प्रती काढल्या. एक यंत्राशेजारी, एक स्वतःच्या घरी आणि एक महादेवप्पांच्या तिजोरीत. पुढच्या तीन दिवसांच्या याद्या कागदावर छापून ठेवल्या. नवं बसवल्यावरही यंत्रातलं जुनं व्हर्जन पुसायचं नाही, सगळ्या गावाची एक पाळी फिरेपर्यंत आठ दिवस तसंच जपायचं, हे तिने मंडळाकडून लिहून घेतलं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे भावाचा एक कॉम्प्युटर मागून आणून त्याच्यावर नवं व्हर्जन बसवलं आणि शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम घेतली.

पुण्याहून आलेल्या प्रोग्रॅमने जुनी माहिती उचलली, नव्यात ओतली आणि वीस मिनिटांनी पडद्यावर ओळ आली, काम यशस्वीरीत्या पूर्ण. शिवकन्येने ती वाचली आणि कुलूप ओढून बघावं तशी मोजणी लावली. जुन्यात सहा हजार दोनशे चौदा. नव्यात सहा हजार सत्त्याण्णव.

एकशे सतरा घरं वाटेत कुठेतरी गळाली होती. शिवकन्या घाबरून ओरडणाऱ्यांतली नव्हती. तिने पुन्हा मोजलं, तेवढीच. मग गळालेली घरं जुन्या सर्व्हरमध्ये शोधून काढली. बघते तर सगळ्यांच्या नोंदीत एकच गोष्ट. ‘घरातली माणसं’ या रकान्यात शून्य. नव्या प्रोग्रॅमची अट होती की घरात किमान एक माणूस हवा, आणि शून्य दिसलं की तो ती ओळ गुपचूप सोडून देत होता.

तिने खाली जाऊन महादेवप्पांना सांगितलं. महादेवप्पा मंडळाचे अध्यक्ष, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि साठी उलटली तरी पोत्याला हात घालून धान्याचा दर सांगणारे. त्यांना हे ऐकून उलट बरंच वाटलं. दुष्काळात खोटी कार्डं निघतात हे त्यांना ठाऊक होतं. ज्या घरात माणूसच नाही त्याला पाणी कशाला, ते म्हणाले, मशिनीने आपणहून चोर पकडून दिले. ईश्वरप्पांना फोनवर कळलं तेव्हा त्यांनीही तीच री ओढली.

पटण्यासारखं होतं. शून्य माणसांच्या घराची बाजू घेऊन भांडायला शिवकन्येजवळ काहीच नव्हतं. पण तिचा पाय काही निघेना. गल्लीतली पाच-सात घरं खोटी असतील, पण एकशे सतरा जणांनी ठरवून शून्यच लिहावं? खोटं बोलणारा माणूस आकडा फुगवून सांगतो, घरात कुणीच नाही असं कशाला सांगेल? आणि महादेवप्पाच तर नेहमी एक गोष्ट सांगत. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्यांच्या मावशीचा एक कागद दोन कचेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी अडकला. मावशी जिवंत, समोर उभी, पण इकडच्या यादीत नाही आणि तिकडच्याही नाही. तरुण महादेवप्पा तिला सायकलवर बसवून दोन वर्षं हेलपाटे घालत होते. हा किस्सा सांगताना ते स्वतःच्या सायकलचं कौतुक फार करत.

“तेव्हा मावशीला तरी तुम्ही होतात,” शिवकन्या म्हणाली. “या एकशे सतरांना कोण आहे ते मला बघून येऊ द्या. रविवारी अकरापर्यंत.”

 महादेवप्पा तराजूच्या दांडीवर बोट फिरवत राहिले आणि मग म्हणाले, “बघा. पण रविवार पुढं ढकलता यायचा न्हाई.”

शनिवारी सकाळी ती यादी घेऊन रिक्षाने निघाली. पहिलं नाव नागुबाई, बाजारामागच्याच गल्लीतलं. शिवकन्येला वाटलं होतं, कुलूप दिसेल. दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत एक म्हातारी बाई रिकाम्या कळशीला चिंच लावून घासत होती. धुवायला पाणी नसल्यामुळे ती फडक्यानेच पुसत होती. कार्ड मागितल्यावर तिने ते देवाच्या फळीवरून काढून दिलं. दोन्ही मुलं गेल्या दिवाळीपासून पुण्याला बांधकामावर, सुना-नातवंडंही तिकडेच. घरात कोण कोण असतं, असं विचारल्यावर नागुबाईला प्रश्नच नीट कळला नाही.

“मी हाय की,” ती म्हणाली.

दुसऱ्या घरी एक निवृत्त पोस्टमन. तिसऱ्या घरी गंगम्मा नावाची बाई, तिचा नवरा मागच्याच साली वारलेला. बारा वाजेपर्यंत शिवकन्येने नऊ घरं पाहिली. नऊच्या नऊ घरांत माणूस होता, आणि एकेकटाच होता. नवव्या घराच्या ओट्यावर बसून तिने घाम पुसला आणि तिच्या ध्यानात आलं, की जे काल टेबलाशी बसून बघायला हवं होतं ते बघायला ती उन्हातून गावभर फिरली. परत माडीवर येऊन तिने जुन्या सर्व्हरला एकच प्रश्न विचारला, एक माणूस असलेली घरं किती? उत्तर आलं, एकही नाही. सहा हजार दोनशे चौदा घरांत दोन माणसांची होती, पाचांची होती, एकोणीस माणसांचं एक खटलंही होतं. पण एका माणसाचं घर लातुरात नव्हतंच.

या सगळ्या नोंदी एकाच माणसाने केल्या होत्या. गुरुपादप्पा मापाडी. वय चौऱ्याहत्तर. बाजारात इलेक्ट्रिक काटे आले त्याच्या आधी पन्नासेक वर्षं त्यांनी धान्याच्या राशी मापल्या होत्या. मंडळाचं काम सुरू झालं तेव्हा महादेवप्पांनी त्यांना फॉर्म भरायला बसवलं. मग ते दोन बोटांनी टायपिंगही शिकले आणि सगळे फॉर्म एकट्याने कॉम्प्युटरवर चढवले. एकही आडनाव चुकलं नव्हतं. शिवकन्या त्यांना मामा म्हणे. तिने त्यांना वर बोलावलं, शेजारी बसवलं आणि एका माणसाचं घर कसं लिहिता ते दाखवा, असं सांगितलं. गुरुपादप्पांनी चष्मा लावला, जपून एकेक अक्षर दाबलं आणि रकान्यात लिहिलं, लाभ.

खालच्या बाजारात कुणाही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. रास मापताना मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हणून सुरुवात केली की बरकत राहत नाही, अशी समजूत. गुरुपादप्पांच्या तोंडात ती मोजणी पन्नास वर्षं मुरलेली. शिवकन्या मास्तरांच्या घरची, तिच्या लहानपणी धान्य किलोवर यायचं, तिला हे कोण सांगणार? आणि जुनं व्हर्जन तर अगदीच भोळं. आकड्याच्या रकान्यात अक्षरं आली की कुरकुर न करता ते शून्य मांडून मोकळं व्हायचं. छपाईच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये कुणा भल्या माणसाने अट घातली होती, की एकाहून कमी दिसलं तर एक धरा, म्हणून एवढे दिवस पाणी मिळत गेलं आणि कुणाला काही कळलं नाही.

“पण मामा, हे माप नाही, माणसं आहेत,” शिवकन्या म्हणाली.

 चुकीबद्दल ती रागावेल असं गुरुपादप्पांना वाटलं असावं, पण ती रागावलेली दिसेना, तेव्हा ते बोलले.

“फॉर्म भराया त्या बाया म्होरं बसायच्या, माय. पोरं गेलेली, घर रिकामं. किती जण म्हणून इचारलं की मान खाली घालायच्या. त्यांच्या तोंडावर ‘एक’ लिवायला हात उचलना माजा. लाभ लिवलं. त्यांनाबी बरं वाटायचं.”

शिवकन्येला वाईट वाटलं आणि त्याच वेळी या माणसाबद्दल मनातून माया दाटून आली. एवढ्या मोठ्या यादीत चूक झाली होती, तीही कुणाचं मन दुखू नये म्हणून. पण मायेने रकाना भरत नाही. तिचा एक नियम होता, कागदाचा आधार असल्याशिवाय नोंदीतला आकडा हलवायचा नाही, मग तो कितीही उघड चुकलेला दिसो. म्हणून गुरुपादप्पांनी फडक्यात बांधलेले फॉर्मचे गठ्ठे जमिनीवर ठेवून उघडले आणि शनिवारची सगळी दुपार दोघं जुळणी करत बसले. ते फॉर्म काढून नाव वाचत, मग म्हणत, लाभ. ती कागदावर ते अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी बघे आणि मगच शून्याच्या जागी एक लिहून यादीत खूण करी. मधे महादेवप्पांनी वर चहा पाठवला. स्वतःही वर आले, दारात उभं राहून दहा-बारा नावं ऐकली आणि खोट्या कार्डांविषयी काही न बोलता खाली गेले.

शेवटी एकशे सोळाच खुणा झाल्या, एक फॉर्म सापडेना. गुरुपादप्पा म्हणाले, गठ्ठ्यात कुठं वरखाली झाला असंल, उद्या बघू. दिवे लागायची वेळ झाली होती, त्यांचे डोळेही शिणले होते. शिवकन्येने बरं म्हटलं.

रविवारी सकाळी दहाला तिने पुन्हा तालीम घेतली. नव्यात सहा हजार दोनशे तेरा. बरोबरच होतं, एकच घर बाकी. तिने ते नाव काढून वाचलं. मग खिडकीतून खाली पाहिलं. गुरुपादप्पा पोत्याला टेकून बसले होते. तिने त्यांना हाक मारली नाही, स्वतःच गठ्ठे सोडले. त्यांचा फॉर्म हरवला नव्हता, जागच्या जागी होता. त्यावर दोन नावं होती, गुरुपादप्पा आणि लक्ष्मम्मा, आणि माणसांच्या रकान्यात दोन. त्यांच्या पत्नी लक्ष्मम्मा माघात वारल्या होत्या. शिवकन्या त्यांच्या मातीला गेली होती. त्यानंतर केव्हातरी त्यांनी कॉम्प्युटरवरचा दोन पुसला होता आणि तिथे शून्य उरलं होतं, पण कागदाला हात लावला नव्हता.

पावणेअकरा वाजले होते. नियम मोडण्यापासून तिला कुणी अडवणार नव्हतं. गुपचूप एक लिहिला असता तर काम झालं असतं, आणि म्हाताऱ्या माणसाला या वेळी छेडावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण स्वतःला सूट दिली की उद्या दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, हेही ती जाणून होती. आणि खरं सांगायचं तर तिला वाटलं, की या माणसाला न विचारता त्याच्या घरातली माणसं आपण मोजणं बरं नव्हे. तिने खाली जाऊन त्यांना वर आणलं आणि फॉर्म समोर ठेवला.

गुरुपादप्पांनी फॉर्म पाहिला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

“ठावं हुतं मला काल,” ते म्हणाले.

“मामा, या घरात माणसं किती लिहू?”

टेबलफॅनच्या वाऱ्याने फॉर्मचा कोपरा हलत होता. त्यांनी तो बोटाने दाबून धरला. माघापासून लोक भेटायला येत होते, जात होते, पण हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. ते बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता, काट्यावर उभं राहून माप सांगावं तसा.

“एक.”

शिवकन्येने एक लिहिला. तिला समोरचा पडदा नीट दिसेना, म्हणून तिने लिहिलेलं पुन्हा एकदा वाचून पाहिलं. अकरा वाजता टँकर सावलीला लागले आणि तिने खऱ्या सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवायला सुरुवात केली. महादेवप्पा वर येऊन खुर्चीत बसले.  काम पूर्ण झाल्याची ओळ आली, त्या ओळीकडे कुणी पाहिलं नाही. तिघंही मोजणीची वाट बघत राहिले. जुन्यात सहा हजार दोनशे चौदा, नव्यात सहा हजार दोनशे चौदा. महादेवप्पांनी खुर्चीतूनच हात जोडले.

गुरुपादप्पांनी पेन मागून घेतलं. कागद आणि कॉम्प्युटर सारखे हवेत, हे त्यांना दोन दिवसांत समजलं होतं. त्यांनी रकान्यातल्या दोनावर रेघ ओढून शेजारी एक लिहिला आणि खाली सही केली. मग पेनाचं टोक लक्ष्मम्माच्या नावावर नेलं आणि हात तिथेच थांबला.

“नाव राहू द्या, मामा,” शिवकन्या म्हणाली. “कॉम्प्युटरला फक्त आकडा लागतो.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि तो फॉर्म गठ्ठ्यात होता तिथेच परत ठेवला.